फुकटच्या खुर्चीचा हिशेब

विमानाने प्रवास करणाऱ्या उतारूला कधी ना कधी शेजारच्या आसनावर गणवेशातला वैमानिक बसलेला आढळतो. मांडीवर टोपी, पायाशी काळी बॅग, डोळे मिटलेले. विमान दुसराच कोणी चालवीत असतो. हा गृहस्थ मात्र आपल्यासारखाच पट्टा बांधून बसलेला असतो. तो या क्षणी कामावर आहे की नाही? प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु हवाई वाहतुकीच्या अर्थकारणात त्याला मोठे महत्त्व आहे आणि त्याचे उत्तर तो वैमानिक कोणाच्या आज्ञेने तेथे येऊन बसला आहे, यावर अवलंबून आहे.

कंपनीने त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी, पुढचे विमान चालविण्यासाठी धाडले असेल, तर अमेरिकी परिभाषेत तो ‘डेडहेड’ ठरतो. हा शब्द मूळचा विमानाचा नव्हे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत नाटकाला किंवा रेल्वेत पैसे न देता शिरणाऱ्या पासधारकाला तो लावला जात असे. पुढे रिकाम्या धावणाऱ्या गाडीलाही तोच लागू लागला. आपल्याकडील नियमावलीत याला ‘पोझिशनिंग’ असे सभ्य नाव आहे. पण तोच वैमानिक आपल्या घरून आपल्या नेमणुकीच्या तळाकडे निघाला असेल, तर तो कंपनीच्या लेखी कामावर नसतो. मग तो स्वतःची सोय स्वतः पाहतो, आणि ती बहुधा ‘जंपसीट’वर होते. जंपसीट म्हणजे कॉकपिटमध्ये दोन वैमानिकांच्या मागे असणारी घडीची खुर्ची. ती मुळात तपासनीस आणि परीक्षक यांच्यासाठी. परंतु अमेरिकेत कंपन्यांनी आपापसांत करार करून ती एकमेकांच्या वैमानिकांना विनामूल्य खुली ठेवली आहे. कप्तानाची परवानगी मागायची, त्याने दिली तर बसायचे, आणि विमान दहा हजार फुटांच्या खाली असेपर्यंत कामाव्यतिरिक्त अवाक्षर काढायचे नाही, असा तिचा रिवाज आहे. जागा रिकामी असल्यास पाहुण्या वैमानिकाला मागे उतारूंतही बसविले जाते. विमानाचे वजन मर्यादेबाहेर जात असेल, तर त्याला जमिनीवरच राहावे लागते.

दोन प्रवासांतील हा भेद कागदावर अगदी स्वच्छ आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा आहे की शरीराला तो भेद कळत नाही, आणि कंपनीच्या हिशेबवहीला तो फार चांगला कळतो.

प्रथम डेडहेडचा विचार करू. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोच्या ओहेअर विमानतळावर लुईव्हिलला जाणाऱ्या एका विमानात उतारू बसून झाले होते. एवढ्यात रिपब्लिक एअरवेजच्या चार कर्मचाऱ्यांना त्याच विमानाने धाडणे आवश्यक असल्याचे जाहीर झाले. त्यांना दुसऱ्या दिवशी लुईव्हिलहून विमान न्यायचे होते. विमान रिपब्लिकचे, तिकिटे युनायटेडची. जागा सोडणाऱ्यास मोबदला देऊ करण्यात आला. पण बोली हजार डॉलरच्या पलीकडे गेली नाही. कोणी उठेना. तेव्हा चार उतारूंची नावे काढण्यात आली, आणि त्यांपैकी एका वयस्क डॉक्टराने नकार देताच त्याला सुरक्षा अधिकाऱ्यांनी आसनातून ओढून, रक्तबंबाळ अवस्थेत बाहेर काढले. त्या दृश्याचे चित्रण जगभर पोहोचले.

या घटनेची चर्चा उतारूंच्या हक्कांच्या अंगाने पुष्कळ झाली, आणि ते योग्यच होते. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या चार आसनांचे मूल्य चार तिकिटांएवढे नव्हते. ते चार जण लुईव्हिलला पोहोचले नसते, तर दुसऱ्या दिवशीचे एक संपूर्ण उड्डाण धोक्यात आले असते. म्हणजे त्या आसनांमागे एका भरल्या विमानाचे मूल्य उभे होते. असे असताना कंपनीने बोली वाढवीत नेली असती तर कोणी ना कोणी आनंदाने उठले असते. ही युक्ती नवी नाही. अर्थतज्ज्ञ ज्युलियन सायमन यांनी १९६८ साली नेमकी हीच सूचना मांडली होती, विमान कंपन्यांनी तिची थट्टा केली होती, आणि अखेर अल्फ्रेड कान यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकी नागरी हवाई मंडळाने १९७८ मध्ये स्वेच्छेने जागा सोडणाऱ्यास मोबदला देण्याची पद्धत स्वीकारली. २०१७ च्या नामुष्कीनंतर युनायटेडने मोबदल्याची मर्यादा दहा हजार डॉलरपर्यंत नेली आणि आपल्या कर्मचाऱ्यांची नोंदणी उड्डाणापूर्वी किमान एक तास आधी झालीच पाहिजे, असा दंडक घातला. एवढे शहाणपण यायला एका माणसाचे दात पडावे लागले, हे अर्थात वेगळे.

मुद्दा असा की डेडहेडला किंमत आहे, ती कंपनीला मोजावी लागते, आणि म्हणूनच कंपनी तिच्याकडे लक्ष देते. कायदाही देतो. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार डेडहेडचा संपूर्ण वेळ कामाचा धरला जातो. तो विश्रांती म्हणून दाखविता येत नाही. मध्ये विश्रांती न देता वैमानिकाला पुढे उड्डाण करायला लावायचे असेल, तर तो प्रवास त्याच्या उड्डाण-कामाच्या मर्यादेतच मोजावा लागतो. युरोपातील आणि भारतातील नियमांचे तत्त्वही तेच आहे. (अमेरिकेतील मालवाहू विमानांच्या वैमानिकांना मात्र या नियमांतून वगळण्यात आले, जणू खोकी वाहून नेणाऱ्याला झोप कमी लागते.)

आता जंपसीटकडे वळू. येथे पैशाचा व्यवहार नाही. आज तुमचा वैमानिक आमच्या विमानात, उद्या आमचा तुमच्या. बाजारपेठेच्या जंगलात जीवघेणी स्पर्धा करणाऱ्या कंपन्यांनी हा जुना वस्तुविनिमय टिकवून ठेवावा याचे एखाद्याला नवल वाटेल. त्याच्या मागे वैमानिकांचा बंधुभाव आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. आणि त्या बंधुभावाचा लाभ उतारूंनाही झालेला आहे. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेडच्या २३२ क्रमांकाच्या डीसी-१० विमानाची हायड्रॉलिक यंत्रणा हवेतच संपूर्ण निकामी झाली, तेव्हा त्याच जातीच्या विमानाचे प्रशिक्षण देणारे डेनी फिच उतारूंत बसले होते. ते पुढे गेले, कॉकपिटमध्ये गुडघे टेकून केवळ इंजिनांच्या दांड्यांच्या साहाय्याने विमान सावरीत राहिले, आणि सू सिटीच्या धावपट्टीवर ते कोसळले तरी २९६ पैकी १८४ माणसे वाचली. दुसरे उदाहरण अलीकडचे. २८ ऑक्टोबर २०१८ रोजी लायन एअरचे बोईंग ७३७ मॅक्स बालीहून जकार्ताला येताना नाक खाली घालू लागले. त्या रात्री कॉकपिटमध्ये तिसरा, कामावर नसलेला वैमानिक बसला होता. त्याच्या मदतीने बिघाड ओळखला गेला आणि विमान सुखरूप उतरले. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान तिसऱ्या माणसाविना निघाले आणि १८९ जणांसह समुद्रात पडले.

दुसरी बाजूही आहे. ७ एप्रिल १९९४ रोजी फेडेक्सच्या मालवाहू विमानात जंपसीटवर आलेल्या एका कर्मचाऱ्याने हातोड्यांनी तिघा विमानकर्मींची डोकी फोडली. तशाही स्थितीत त्यांनी विमान मेम्फिसला परत आणले. २२ ऑक्टोबर २०२३ रोजी हॉरायझन एअरच्या विमानात जंपसीटवरील सुटीच्या वैमानिकाने हवेत इंजिने बंद करणारे दांडे ओढण्याचा प्रयत्न केला. अशा घटना भयंकर, परंतु विरळा. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत पाहुण्या वैमानिकाची ओळख संगणकावर पडताळण्याची व्यवस्था झाली आहे, आणि कप्तानाचा नकाराधिकार तर शाबूत आहेच. केवळ या कारणास्तव जंपसीट बंद करा म्हणणे म्हणजे ढेकणासाठी घर जाळण्यासारखे होईल.

खरा धोका हातोडीचा नाही, थकव्याचा आहे.

१२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री सव्वादहाच्या सुमारास कोलगन एअरचे विमान न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहराजवळ एका घरावर कोसळले. विमानातील सर्व ४९ आणि घरातील एक अशी ५० माणसे दगावली. उतारूंच्या हातातील तिकिटे कॉन्टिनेन्टल या बड्या कंपनीच्या नावाची होती. विमान आणि वैमानिक दुय्यम कंपनीचे. त्यांचा तळ न्यूयॉर्कलगतचे नेवार्क. सहवैमानिक तरुणी राहात होती देशाच्या दुसऱ्या टोकाला, सिॲटलजवळ. आदल्या संध्याकाळी ती तेथून मालवाहू विमानाच्या जंपसीटवर निघाली, मध्यरात्री मेम्फिसला विमान बदलले आणि सकाळी साडेसहाच्या आत नेवार्कला उतरली. तेथे तिला खोली नव्हती. दिवस विमानतळावरील कर्मचारी-कक्षात गेला. कप्तान फ्लोरिडाचा रहिवासी. त्यानेही आदली रात्र त्याच कक्षात काढल्याचे चौकशीत दिसून आले. वास्तविक त्या कक्षात रात्री झोपण्यास कंपनीची मनाई होती. सुनावणीत तिच्या वेतनाचा विषय निघाला, तेव्हा वर्षाला सुमारे १६ हजार डॉलर हा आकडा पुढे आला. न्यूयॉर्कच्या परिसरात एवढ्या पैशांत खोली घेऊन राहणे किती शक्य होते, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१० च्या अहवालात अपघाताचे कारण म्हणून कप्तानाची चुकीची कृती नोंदविली. विमानाचा वेग घटून धोक्याची सूचना मिळाली असता त्याने नाक खाली करण्याऐवजी वर ओढले. थकव्याने दोघांची कार्यक्षमता बहुधा घटली होती, परंतु ती नेमकी किती, हे ठरविता येत नाही, असे मंडळाने म्हटले. मंडळाच्या अध्यक्षा डेबोरा हर्समन यांना हे पटले नाही. थकव्याची सहाय्यक कारणांत गणना व्हावी, असे स्वतंत्र मत त्यांनी नोंदविले. थकवा मोजण्याचे यंत्र नाही, ही यातली अडचण. रक्तातील मद्य मोजता येते, न झालेली झोप मोजता येत नाही. मात्र अहवालातील एक आकडा निःसंदिग्ध आहे. नेवार्क तळावरील १३७ वैमानिकांपैकी ९३ जण दुसऱ्या गावाहून ये-जा करणारे होते. सवयीचा दोष एक-दोन व्यक्तींचा असतो. तीनांतील दोघे एकच गोष्ट करू लागले की तिला व्यवस्था म्हणावे लागते.

समजा, सिॲटलहून नेवार्कला रात्रभराचा प्रवास करून दोन वैमानिक एकाच विमानातून उतरले. एकाला कंपनीने धाडले आहे, दुसरा घरून आला आहे. दोघांचे डोळे सारखेच तांबारलेले. आजच्या कायद्यानुसार पहिल्याची कामाची मर्यादा प्रवासातच बव्हंशी खर्ची पडलेली असते. त्याला विश्रांतीला पाठवावे लागेल. दुसरा मात्र कायद्याच्या दृष्टीने ताजातवाना! तो लगेच पूर्ण पाळी करू शकतो. कायद्याने त्याच्यावर एवढेच बंधन घातले आहे की उड्डाणापूर्वी त्याने ‘मी तंदुरुस्त आहे’ असे स्वतः सांगावे. खोलीभाड्याला पैसे नसलेल्या आणि वेतन उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असलेल्या माणसाकडून आपण कोणत्या उत्तराची अपेक्षा करतो?

आपल्याकडील जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना हा प्रकार समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मुख्यालयी राहण्याची अट आणि तिच्याशी जोडलेला घरभाडे भत्ता, कागदोपत्री मुक्काम आणि प्रत्यक्षातले ‘अप-डाउन’, हा खेळ सरकार आणि शिक्षक दोघेही वर्षानुवर्षे जाणूनबुजून खेळत आले आहेत. शिक्षक पेंगुळला तर वर्गाचे नुकसान होते. विमानात त्याची किंमत निराळी असते, एवढाच फरक.

यावर कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे. कोणी कोठे राहावे हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न. वैमानिकाला सिॲटलची हवा मानवते, तर त्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा? युक्तिवाद सकृद्दर्शनी बिनतोड आहे. पण तो वैमानिकाच्या घराकडे पाहतो आणि तळाकडे पाहात नाही. तळ कोण ठरवतो? १९७८ मध्ये अमेरिकेतील हवाई वाहतूक निर्बंधमुक्त झाली, कंपन्यांनी मोठ्या केंद्रांभोवती आपली जाळी विणली, आणि नफ्याचे गणित बदलले तशी ती केंद्रे उचलून दुसरीकडे नेली. पिट्सबर्ग आणि सेंट लुईस ही एके काळची गजबजलेली केंद्रे या शतकाच्या पहिल्या दशकात आटून गेली. तेथील वैमानिकाने काय करावे? मुले शाळेत, घरावर कर्ज, पत्नीची नोकरी गावात. दुसऱ्या कंपनीत जावे तर ज्येष्ठतेची यादी आडवी येते. वीस वर्षांचा कप्तानही नव्या कंपनीत तळाशी, नवशिक्या सहवैमानिकाच्या वेतनावर बसतो. म्हणून तो राहत्या गावी राहतो आणि जंपसीटवरून ये-जा करतो. जो प्रवास कालपर्यंत करावाच लागत नव्हता, तो आज त्याला स्वतःच्या विश्रांतीच्या वेळातून करावा लागतो.

जंपसीटचे खरे अर्थशास्त्र येथे आहे. तळ हलविल्यावर जुन्या गावच्या वैमानिकांना कंपनीने स्वखर्चाने नेले-आणले असते, तर तो डेडहेड ठरला असता. त्याचे तास मोजावे लागले असते आणि तेवढे अधिक वैमानिक नेमावे लागले असते. फुकट खुर्ची उपलब्ध असल्यामुळे हा सारा खर्च ताळेबंदातून नाहीसा होतो. तो नष्ट मात्र होत नाही. त्याचा एक भाग वैमानिकाच्या झोपेतून वसूल होतो आणि उरलेला, जोखमीच्या रूपाने, मागे बसलेल्या उतारूच्या माथी जातो. त्याला तर या व्यवहाराची वार्ताही नसते. शिवाय फुकट मिळणारी खुर्ची बहुधा कोणालाही नको असलेल्या वेळची असते. मालवाहू विमाने रात्री उडतात, म्हणून जागाही रात्री मिळते. झोपेची वेळ तीच.

तोडगा म्हणून अशा ये-जा करण्यावर अंतराची बंदी घालावी काय? अमेरिकी काँग्रेसच्या आदेशावरून राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने याचा अभ्यास केला आणि २०११ मध्ये असा निष्कर्ष दिला की पुरेशा पुराव्याअभावी ठोक नियम करणे योग्य होणार नाही. तो मला मान्य आहे. आदल्या दिवशी दोन हजार मैलांवरून येऊन रात्री नीट झोपलेला वैमानिक, पहाटे तीन तास मोटार चालवीत आलेल्या वैमानिकापेक्षा बरा. अंतर मोजून काही साधणार नाही. युरोपातील नियमांच्या मार्गदर्शनात, घर ते तळ हा प्रवास नेहमी ९० मिनिटांहून अधिक होत असेल तर कर्मचाऱ्याने तळाजवळ तात्पुरत्या निवासाचा विचार करावा, असे म्हटले आहे. विचार करावा! भाडे कोणी भरावे याचा विचार मात्र तेथेही नाही.

भारतात प्रश्नाचे रूप थोडे वेगळे आहे, पण मुळाशी तोच हिशेब आहे. डिसेंबर २०२५ च्या आरंभी इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले होते. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली होती आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली होती. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. मुंबई-पुण्याच्या विमानतळांवर सामानाचे ढीग आणि त्यांच्यावर रेलून झोपलेली माणसे सर्वांनी पाहिली. पुढे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२६ मध्ये २२ कोटी २० लाख रुपयांचा दंड ठोठावला. चौकशीत जी कारणे पुढे आली त्यांत एक असे की कर्मचाऱ्यांकडून जास्तीत जास्त काम निघेल अशा रीतीने वेळापत्रके आखली गेली, डेडहेडवरील भिस्त वाढली आणि काही बिघडल्यास सावरण्यापुरतीही सवड शिल्लक ठेवली नाही. वैमानिक कमी असले की त्यांना या शहरातून त्या शहरात हलवावे लागते. हलविण्यात गेलेला तास कामाचा धरला जातो, त्यामुळे उड्डाणासाठी उरणारे तास आणखी घटतात आणि टंचाई वाढते. दोरी ताणून ताणून किती ताणावी याला सीमा असते. कामाचे तास मोजणारा नियम होता, म्हणून ती येथे जमिनीवरच तुटली. उतारूंचे हाल झाले, परंतु विमान कोसळले नाही. नियम सैल करा, अशी ओरड त्या आठवड्यात करणाऱ्यांनी हा फरक ध्यानात घ्यायला हवा होता.

मग अमेरिकेतील जंपसीटचे काय करावे? खुर्ची राहू द्यावी. तिच्यावाचून शेकडो वैमानिकांचे संसार अडतील. पण तळ कंपनीने हलविला असेल तर निदान काही वर्षे त्या वैमानिकाचा प्रवास डेडहेड म्हणून गणला जावा. पहाटे सुरू होणाऱ्या पाळीपूर्वीच्या रात्री दूरच्या वैमानिकाला तळावर कंपनीच्या खर्चाने खोली मिळावी. आणि ‘आज मी थकलो आहे’ असे सांगणाऱ्याच्या वेतनाला कात्री लागू नये, कारण त्याखेरीज तंदुरुस्तीच्या कबुलीला काही अर्थच राहात नाही. खर्च वाढेल, तिकीटही थोडे महागेल. जी किंमत उतारू आज अजाणता जोखमीच्या रूपाने मोजतो आहे, ती तो उघड्यावर, रुपया-डॉलरांत मोजील.

यातली एकही सूचना क्रांतिकारक नाही. कोलगनच्या अपघातानंतर २०१० साली सुरक्षा मंडळाने हवाई प्रशासनाला जी शिफारस केली, तिच्यात दूरहून ये-जा करणारे वैमानिक कोण आहेत हे कंपन्यांनी शोधावे, त्यांच्यासाठी धोरण आखावे, त्यांच्या पाळ्या थकवा वाढणार नाही अशा लावाव्यात आणि त्यांना विश्रांतीची जागा उपलब्ध करून द्यावी, असे स्पष्ट म्हटले होते. ४ जानेवारी २०१२ रोजी नवे नियम प्रसिद्ध झाले. ये-जा करण्याचा शरीरावर काय परिणाम होतो याचे शिक्षण वैमानिकांना दिले जावे, अशी तरतूद त्यांत आली. विश्रांतीच्या जागेची आली नाही.